रस्ता चुकतो तेव्हा नेमकं काय चुकतं?



सुरुवात एका घटनेने करतो. जानेवारी २०२१ मधली गोष्ट आहे, तुमच्यापैकी अनेकांनी ती तेव्हा पेपरात वाचली असेल. पुण्याहून तिघं जण कळसूबाईच्या ट्रेकला निघाले होते. रात्रीची वेळ. अकोले तालुक्यात कोतूळच्या बाजूला मोबाइलवरच्या नकाशाने त्यांना जवळचा रस्ता दाखवला. तो रस्ता एका पुलावरून जात होता. पूल खरा होता. पण पिंपळगाव खांड धरणात पाणी साठलं की हा पूल वर्षातले काही महिने पाण्याखाली असतो. आसपासच्या गावांना हे पाठ आहे. गाडीतल्या तिघांना माहीत नव्हतं, आणि नकाशालाही नव्हतं. अंधारात गाडी सरळ पाण्यात गेली. दोघं पोहून काठाला लागले. गाडी चालवणारा बुडाला.

अशी बातमी आली की आपण म्हणतो, ‘जीपीएसने चुकवलं.’ आजच्या व्याख्यानात मला हेच वाक्य जरा उलगडून बघायचं आहे. कारण त्या रात्री उपग्रहांनी गाडीची जागा बरोबर सांगितली होती. गणितही बरोबर होतं. दोन ठिकाणांमधला तो जवळचाच रस्ता होता. मग चुकलं काय? आणि अशी चूक शोधायची कशी, याचा माणसाने गेल्या साठ-सत्तर वर्षांत काय अभ्यास केला?

पहिली गोष्ट लक्षात घ्या. आपण ज्याला ‘जीपीएस’ म्हणतो त्यात तीन वेगळी कामं असतात. मी कुठे आहे, हे सांगणं उपग्रहांचं काम. रस्ते कुठून कुठे जातात, ही नोंद नकाशाची. आणि त्या नोंदींवरून इथून तिथे कसं जायचं, हे काढणं गणिताचं काम. तिघांचा इतिहास वेगळा, तिघांच्या चुकाही वेगळ्या. वैद्याने आधी दुखतंय कुठे ते विचारावं, तसं इथेही आधी तिघांपैकी कोण चुकलं ते विचारायचं.

गणितापासून सुरू करू, कारण ते सगळ्यांत जुनं आणि सगळ्यांत कमी चुकणारं आहे.

कोनिग्सबर्ग शहरातल्या सात पुलांचं कोडं तुम्ही ऐकलं असेल. प्रत्येक पूल एकदाच ओलांडून शहरभर फिरता येईल का? ऑयलरने १७३० च्या दशकात दाखवून दिलं की येणार नाही. पण ते दाखवताना त्याने जे केलं ते आपल्या कामाचं आहे. त्याने नदीचं वळण, पुलाची लांबी, रस्त्याची रुंदी हे सगळं टाकून दिलं आणि एवढंच ठेवलं: कोण कोणाला जोडलेलं आहे. आपल्याकडे ‘फाटा’ असा छान शब्द आहे. अमुक फाटा, तमुक फाटा. यंत्राला दिसतो तो नकाशा म्हणजे फाट्यांची यादी, आणि कोणता फाटा कोणत्या फाट्याला जोडलाय त्याची यादी. पडद्यावरचं रंगीत चित्र तुमच्या-माझ्यासाठी असतं. यंत्र चित्र बघत नाही, यादी वाचतं. हे पक्कं धरून ठेवा, पुढे लागणार आहे.

या यादीतून सगळ्यांत जवळचा मार्ग कसा काढायचा, ते १९५६ साली एड्सखर डायक्स्ट्रा या डच तरुणाने शोधलं. अॅम्स्टरडॅमच्या गणित केंद्रात आर्मॅक नावाचा नवा संगणक तयार झाला होता आणि लोकांपुढे त्याचं प्रात्यक्षिक दाखवायचं होतं. सामान्य माणसाला समजेल असा प्रश्न हवा, म्हणून त्याने विचारलं: रॉटरडॅमहून ग्रोनिंगेनला जायचा जवळचा रस्ता कोणता? होणाऱ्या बायकोबरोबर खरेदीला गेला असताना एका कॅफेत कॉफी पिता पिता, कागद-पेन्सिल न घेता, वीसेक मिनिटांत त्याला रीत सुचली. प्रात्यक्षिकासाठी घेतलेल्या नकाशात गावं होती फक्त ६४. ती रीत १९५९ साली छापून आली, अवघ्या तीन पानांत. आज तुमच्या फोनमध्ये जे चालतं ते याच रीतीचे वेग वाढवलेले वंशज आहेत.

रीत साधी आहे. निघालेल्या ठिकाणापासून पाणी पसरावं तसं पसरत जायचं. जो फाटा सगळ्यांत कमी अंतरावर असेल तो आधी पक्का करायचा, मग तिथून पुढे. मुक्काम आला की थांबायचं. या रीतीचं उत्तर दिलेल्या यादीपुरतं नेहमी बरोबर असतं, आणि तशी सिद्धताच आहे. म्हणून मी म्हणतो, मार्ग काढण्यातली चूक बहुतेक वेळा आकडेमोडीत सापडत नाही. ती यादीत सापडते.

आता यादीकडे वळू. हिचा इतिहास जास्त रंजक आहे, कारण ती मुळात गाड्यांसाठी बनलीच नव्हती.

अमेरिकेत १९७० च्या जनगणनेत मोठ्या शहरांमधले फॉर्म पोस्टाने पाठवून पोस्टानेच परत मागवायचे ठरलं. आता प्रश्न आला: फॉर्मवर पत्ता असणार, पण तो पत्ता जनगणनेच्या कोणत्या चौकटीत पडतो हे संगणकाला कसं कळणार? यासाठी १९६० च्या दशकाच्या अखेरीस न्यू हेवन शहरात जनगणना विभागाने एक प्रयोग केला. त्यातून निघालेल्या पद्धतीचं नाव डाइम. तिच्यात रस्त्याच्या प्रत्येक तुकड्यासाठी एक ओळ: हा तुकडा कोणत्या फाट्यापासून कोणत्या फाट्यापर्यंत, त्याच्या डाव्या हाताला कोणती चौकट, उजव्या हाताला कोणती, आणि घरांचे नंबर कुठपासून कुठपर्यंत.

गंमत बघा. एकच माहिती दोन बाजूंनी लिहिली गेली, आणि त्यामुळे चूक पकडायचं साधन हाती आलं. एका चौकटीभोवतीचे सगळे तुकडे काढा आणि एकापुढे एक लावा. फिरून पहिल्या जागी आलात तर ठीक. नाही आलात, तर कुठेतरी एक तुकडा राहिलाय किंवा एक फाटा चुकीचा लिहिलाय. तसंच एका फाट्याभोवती फिरा; तिथल्या चौकटींचंही वर्तुळ पूर्ण व्हायला हवं. आपल्या दुकानदारांची कीर्द आणि खतावणी असते ना, एकीतली नोंद दुसरीशी ताडून बघायची, तसलाच हा प्रकार. नकाशातली चूक नकाशाकडे न बघता, निव्वळ ओळी ताडून सापडू लागली. माझ्या मते डिजिटल नकाशाच्या दुरुस्तीचा इतिहास खऱ्या अर्थाने इथे सुरू होतो.

पण कीर्द-खतावणी जुळली याचा अर्थ एवढाच की हिशेब आपसात जुळतो. नोंदवलेला माल गोदामात आहे की नाही, ते जाऊनच बघावं लागतं. हा मुद्दा मी शेवटी परत काढणार आहे.

यानंतर १९८५ साली कॅलिफोर्नियात ईटॅक नावाच्या कंपनीने गाडीत बसवायचं यंत्र विकायला काढलं. तोवर नागरी वापरासाठी जीपीएस तयार नव्हतं. यंत्र चाकांचे फेरे आणि होकायंत्र यांवरून जागेचा अंदाज करायचं, आणि गाडी वळली की तो अंदाज नकाशातल्या वळणाशी जुळवून दुरुस्त करायचं. नकाशा कॅसेटवर असायचा. आणि हे यंत्र रस्ता सांगतच नसे! तुम्ही कुठे आहात आणि मुक्काम कोणत्या दिशेला आहे, एवढं दाखवायचं. कोणत्या रस्त्याने जायचं ते चालवणाऱ्याने ठरवायचं. आज ही उणीव वाटते. पण त्यामुळे एक गोष्ट अबाधित राहिली होती: समोरचा रस्ता बघून निर्णय माणूस घेत होता.

यंत्राने रस्ता सांगायचा ठरवलं, आणि मग यादीत किती काय नाही ते उघड झालं. हा रस्ता एकदिशा आहे का? या चौकात उजवीकडे वळायला मनाई आहे का? दोन रस्ते एकमेकांना छेदतात, ते चौकात भेटतात की एक उड्डाणपूल आहे आणि दुसरा त्याखालून जातो? डोके मोजणाऱ्याला यातलं काहीच लागत नव्हतं, म्हणून त्याने लिहिलं नव्हतं. युरोपात फिलिप्स आणि बॉश यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस जीडीएफ नावाची नोंदीची पद्धत आखली, तिच्यात वळणबंदीसारख्या गोष्टींना मुद्दाम जागा केली. नकाशा गोळा करणाऱ्यांना गाडी घेऊन रस्त्यारस्त्याने फिरणं भाग पडलं.

तिसरा भाग, उपग्रह. त्याबद्दल थोडक्यात सांगतो. २ मे २००० पर्यंत अमेरिकी सरकार नागरी जीपीएसचा संदेश मुद्दाम बिघडवून सोडत असे. जागा शंभरेक मीटरने चुकू शकायची. त्या दिवशी तो बिघाड बंद झाला आणि एका रात्रीत चूक दहा-वीस मीटरवर आली. म्हणजे गेली पंचवीस वर्षं मोकळ्या आकाशाखाली उपग्रहांना दोष द्यायला फारशी जागा उरलेली नाही. दहा-वीस मीटरने अजूनही घोळ होतो, तो दोन रस्ते अगदी शेजारून जातात तिथे. खंडाळ्याच्या घाटात द्रुतगती मार्ग आणि जुना महामार्ग असे जवळून जातात. यंत्राने तुम्हाला शेजारच्या रस्त्यावर धरलं की पुढचा सगळा हिशेब त्या रस्त्यावरून.

आता खुद्द दुरुस्तीकडे येऊ. २००४ साली इंग्लंडमध्ये ओपनस्ट्रीटमॅप सुरू झाला, म्हणजे लोकांनी मिळून काढायचा खुला नकाशा. अमेरिकेतले रस्ते भरायला त्यांच्याकडे आयती सोय होती. जनगणना विभागाने १९९० च्या जनगणनेसाठी डाइमच्या पुढची पायरी म्हणून टायगर नावाचा देशभराचा नकाशा केला होता आणि तो सगळ्यांना मोफत होता. २००७-०८ मध्ये तो अख्खाच्या अख्खा खुल्या नकाशात ओतला. चित्र झकास दिसलं. मार्ग काढायला गेले तर जागोजागी अडकायला लागलं. का? टायगरच्या फायली काउंटीनिहाय होत्या, काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखी. सीमेवर अलीकडच्या काउंटीचा रस्ता संपतो, पलीकडच्या काउंटीचा तिथूनच सुरू होतो. चित्रात दोन्ही टोकं एकमेकांना चिकटलेली. यादीत मात्र एकाच जागेचे दोन वेगळे फाटे! डोळ्यांना रस्ता सलग, यंत्राला तिथे दरी. आणि दुसऱ्या बाजूला, वाळवंटातल्या किंवा रानातल्या गाडीवाटा सरसकट वस्तीतले रस्ते म्हणून नोंदल्या गेल्या होत्या.

ही दुरुस्ती करणाऱ्यांनी एक साधी रीत बसवली, ती तुम्हीही घरी करून बघा. यंत्र म्हणालं, ‘मार्ग काढता येत नाही’, किंवा समोर दिसणारा सरळ रस्ता सोडून चाळीस किलोमीटरचा वळसा दाखवला, तर मुक्काम अर्ध्यावर आणा. निघतो? मग बिघाड पुढच्या अर्ध्यात. त्याचा पुन्हा अर्धा करा. सात-आठ वेळा असं केलं की शंभर किलोमीटरच्या मार्गातला नेमका एखादा किलोमीटर हाती लागतो. मग तिथे नकाशा मोठा करून बघा. दोन रेघा टेकल्यासारख्या दिसतात पण जोडलेल्या नाहीत, किंवा एकदिशा रस्त्याचा बाण उलटा लागलाय, किंवा पुलाच्या एवढ्याशा तुकड्यावर कोणी ‘वाहनांना बंद’ असं लिहून ठेवलंय. काहीच सापडलं नाही, तर आपल्याच यंत्रातल्या निवडी तपासा. ‘कच्चा रस्ता टाळा’, ‘टोल टाळा’ असं कधीतरी केलेलं असतं आणि आपणच विसरलेलो असतो. ज्या गावाला फक्त कच्चाच रस्ता जातो तिथे मग यंत्र बिचारं काय करणार?

इथपर्यंतच्या चुका एका जातीच्या आहेत: असलेला रस्ता यादीत नाही किंवा तुटलाय. या चुका चिडचिड करायला लावतात, पेट्रोल जाळतात, पण जीव सहसा घेत नाहीत. कारण त्या दिसतात. यंत्र एक तर कबूल करतं की मला जमत नाही, किंवा वळसा बघून आपल्यालाच शंका येते.

दुसरी जात उलटी. नसलेला रस्ता यादीत आहे. किंवा आहे, पण नोंदला आहे त्याहून वाईट आहे. किंवा आज नाही. या जातीच्या चुकीवर यंत्र चकार शब्द काढत नाही.

आणि आता मघाशी सांगितलेली डायक्स्ट्राची रीत आठवा. ती काय शोधते? सगळ्यांत स्वस्त मार्ग. बाजारात लाख दुकानं असू द्या, आणि एका दुकानाच्या पाटीवर चुकून निम्मा भाव लिहिलेला असू द्या. स्वस्ताच्या शोधात निघालेलं गिऱ्हाईक फिरत फिरत बरोबर त्याच पाटीपुढे जाऊन उभं राहणार. तसंच हे. हजार रस्त्यांमध्ये एक पाणंद चुकून डांबरी म्हणून लिहिलेली असेल, आणि तिथून ताशी पन्नासने जाता येतं असं यंत्र धरून चालत असेल, तर ती वाट ‘जवळची’ ठरते आणि त्या भागातून जाणारा प्रत्येक जण तिथेच पाठवला जातो. जास्तीच्या रस्त्याची चूक गणित नुसती सहन करत नाही, ती हुडकून काढतं. आणि उत्तर चोख असतं, यादीपुरतं.

कॅलिफोर्नियातल्या डेथ व्हॅलीत हे दिसलं. उन्हाळ्यात पन्नास अंशांच्या आसपास जाणारं वाळवंट. २००९ च्या ऑगस्टमध्ये एक आई आपल्या सहा वर्षांच्या मुलाला घेऊन तिथे गेली, आणि यंत्राच्या भरवशावर आडवाटेला जाऊन वाळूत अडकली. मदत पोचेपर्यंत काही दिवस गेले होते. मूल वाचलं नाही. नंतर तिथल्या वनरक्षकांनी नकाशे तपासले, तर कित्येक जुन्या, केव्हाच बंद झालेल्या वाटा त्यांत रस्ते म्हणून नांदत होत्या. त्यांनी नकाशा बनवणाऱ्या कंपन्यांच्या पाठी लागून त्या काढून घ्यायला सुरुवात केली. चूक शोधली ती संगणकाने नाही, त्या वाळवंटात रोज फिरणाऱ्या माणसांनी.

२०१२ च्या डिसेंबरात ऑस्ट्रेलियात आणखी एक प्रकार झाला. अॅपलच्या नव्या नकाशात मिल्ड्युरा या शहराची खूण शहरापासून सुमारे ७० किलोमीटर दूर, एका राष्ट्रीय उद्यानाच्या मधोमध पडली होती. लोक शहराला निघायचे आणि ऐन उन्हाळ्यात निर्जन रानात पोचायचे. शेवटी व्हिक्टोरियाच्या पोलिसांना जाहीर इशारा द्यावा लागला. रस्ते बरोबर, मार्ग बरोबर, मुक्कामच चुकीचा.

आपल्याकडे नोव्हेंबर २०२४ मध्ये बरेलीजवळ रामगंगेवरच्या पुलावरून गाडी खाली कोसळून तिघं गेले. पुलाचा पुढचा भाग आधीच पुरात वाहून गेला होता. नकाशात पूल अखंड होता. ही ‘आज नाही’ या जातीची चूक. कोतूळचा पूल तर त्याहून अवघड. तो वाहून गेलेला नाही. वर्षातले काही महिने रस्ता असतो, काही महिने नसतो. ऑयलरपासून चालत आलेल्या यादीत दोन फाटे एक तर जोडलेले असतात किंवा नसतात. ‘पाणी साठलं की नसतात’ असं लिहायला तिच्यात मुळात जागाच नव्हती. आता ती केली गेली आहे. खुल्या नकाशात एखादा रस्ता पुराला बळी पडणारा आहे, अमुक महिन्यांत बंद असतो, असं नोंदता येतं. पण नोंदणार कोण? आपल्या महाराष्ट्रातल्या फरशी पुलांचं बघा. पावसाळ्यात नदीने अंग धरलं की फरशीवरून पाणी जातं. हे गावातल्या शाळकरी पोराला माहीत असतं, एसटीच्या चालकाला माहीत असतं, बांधकाम खात्याच्या अभियंत्याला माहीत असतं. नकाशा बनवणाऱ्याला ते उपग्रहाच्या चित्रात दिसत नाही, कारण चित्र ढग नसलेल्या दिवसाचं असतं आणि ढग नसलेल्या दिवशी फरशी कोरडी असते.

म्हणून मघाचा प्रश्न परत विचारतो. रस्ता चुकतो तेव्हा नेमकं काय चुकतं? माझं उत्तर असं: नकाशा ज्या प्रश्नासाठी काढला होता, त्याहून वेगळा प्रश्न आपण त्याला विचारलेला असतो. टायगरला विचारलं होतं, इथे किती माणसं राहतात; त्याच्यावर आपण गाड्या चालवल्या. आजच्या नकाशाला आपण विचारतो, जवळचा रस्ता कोणता. आणि ऐकताना मात्र ऐकतो, सुखरूप रस्ता कोणता. हे दुसरं त्याला कोणी विचारलेलंच नसतं.

फाट्यावर गाडी थांबवून, काच खाली करून, ‘पाव्हणं, पुढं पाणी हाय का?’ असं विचारायची आपली जुनी पद्धत होती. तिच्यात रस्त्याची यादी नव्हती, पण आजचा दिवस होता. यंत्र आलं आणि ते विचारणं थांबलं. यंत्र सोडा, असं मी म्हणत नाही. मीही तेच वापरून इथवर आलो. एवढंच सांगतो: ‘मार्ग काढता येत नाही’ असं यंत्र म्हणालं तर वैतागू नका, ते निदान खरं बोलतंय. आणि रात्रीच्या वेळी, अनोळखी मुलखात, एकही दिवा न दिसणाऱ्या वाटेवर ते छातीठोकपणे ‘सरळ चला’ म्हणालं, तर थांबा. काच खाली करा. आणि तुमच्या गावाजवळ असा एखादा पूल असेल, तर आजच घरी जाऊन तो नकाशावर नोंदवा. तुम्हाला त्याचा काही उपयोग नाही, तुम्हाला तो माहीतच आहे. उपयोग होईल तो रात्री दीड वाजता तिथून पहिल्यांदा जाणाऱ्या कुणाला तरी.